टाकीतलं पाणी वाढलं

गुरुवारी सकाळी सीमाने गाडीचं बटण दाबलं आणि गाडीच्या अंगात आलं. स्टिअरिंग थरथरू लागलं, सीट हलू लागली, दाराच्या कप्प्यातली नाणी खुळखुळू लागली. मागच्या नळीतून पांढरा धूर निघाला आणि समोरच्या वैजनाथच्या खताच्या दुकानात सरळ शिरला. मिनिटभराने हे सगळं आपोआप थांबलं. गाडी इतकी शांत झाली, की आधीचा प्रकार तिने नव्हे, सीमानेच केला असावा असं कुणालाही वाटलं असतं.

वैजनाथ डोळे चोळत दुकानाबाहेर आला. "ताई, बॅटरी गेली," तो म्हणाला.

"बॅटरी गेल्यावर धूर येतो?"

"हायब्रिड म्हंजे बॅटरी. बॅटरी म्हंजे हायब्रिड. ह्यात इचारायचं काय?"

गाडी खरोखरच हायब्रिड होती. निम्मी पेट्रोलवर चालायची, निम्मी विजेवर. केव्हा कशावर चालायचं हे ती स्वतः ठरवायची आणि चालवणाऱ्याला सांगायची गरज तिला वाटत नसे. तीन लाख बारा हजार किलोमीटर झाले होते. त्यातले पहिले दीड लाख कुणी केले ते माहीत नव्हतं. उरलेले सीमाच्या वडिलांनी, अण्णांनी केले होते. अण्णा म्हणजे भीमराज, भूमापन खात्यातले निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या बांधांवरून साखळी ओढली, आणि निवृत्त झाल्यावर मिरजगावात कुणी पाहिली नव्हती अशी गाडी सेकंडहँड घेतली. कारण एकच. सीमाच्या आईला, भागिरथीबाईंना गाडी लागायची. एसटीत डिझेलचा वास आला की लागायची, जीपमध्ये हादऱ्याने लागायची, टेम्पोत तर पाय ठेवायच्या आधीच. या गाडीत वास नव्हता, आवाज नव्हता, हादरा नव्हता. यात त्यांना लागत नसे.

अण्णांना जाऊन सात महिने झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, सीमा पुण्याला तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परत रुजू झाली. आणि मग नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. भागिरथीबाईंच्या मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे गेली होती, एकदा अण्णांच्या आजारपणात आणि एकदा त्यांच्यानंतर. आता मोतीबिंदू टणक व्हायला लागलाय, डॉक्टर म्हणाले, पुढच्या गुरुवारी आला नाहीत तर साधं ऑपरेशन साधं राहणार नाही. ऑपरेशन झाल्यावर खोकायचं नाही, वाकायचं नाही आणि उलटी तर अजिबात होऊ द्यायची नाही.

सीमाने आठ दिवसांची रजा काढली. भाड्याची गाडी करू म्हणाली. भागिरथीबाईंनी मान हलवली.

"त्या गाडीत मला व्हईल. डोळा हातात येईल. आपल्या गाडीनं जाऊ."

"आपली गाडी बिघडलीय, आई."

"मंग दुरुस्त झाली की जाऊ. डोळे कुठं पळून चाललेत?"

तेव्हा प्रश्न अगदी साधा होता. गुरुवारपर्यंत गाडी बरी झाली तर आईला दिसणार होतं. सीमाने असे प्रश्न आयुष्यभर सोडवले होते. कोणतंही पुस्तक हरवलं तर ते कुठे असेल याची एक रीत असते. तिने त्याच रीतीने सुरुवात केली. इंटरनेटवर जगभरचे लोक याच आजाराने हैराण झाल्याचं तिला आढळलं. एका चर्चेत अकराशे चाळीस उत्तरं होती. ती तिने सगळी वाचली, टिपणं काढली, आणि गाडीतल्या संगणकाला जोडून दोष वाचायचं एक बोटभर यंत्र मागवलं. यंत्र म्हणालं, तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते पण पेटत नाही. का पेटत नाही, ते यंत्राला माहीत नव्हतं. अकराशे चाळीस लोकांचंही एकमत नव्हतं.

शेजारच्या लंकाबाईंनी मात्र निदान तिथल्या तिथे केलं. त्या पापड वाळत घालता घालता कुंपणावरून म्हणाल्या, "इतके दिस एका जागी बांधून ठिवली. जनावर बी बिथरतं."

"गाडी जनावर नाही, लंकाकाकू."

"तुला म्हाईत. तू शिकलेली."

शुक्रवारी भिमाजी आला. त्याचं गॅरेज हायवेला होतं आणि ट्रॅक्टर, पिकअप, ऊसवाल्यांच्या गाड्या यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो आजार कानाने ओळखायचा. बॉनेट उघडायला त्याला वेळ लागला नाही, कारण बॉनेटची कडी तुटलेली होती आणि अण्णांनी ती सुतळीने बांधून ठेवली होती. भिमाजीने कान पुढे केला आणि डोळे मिटले.

"करा चालू."

"चालू आहे."

भिमाजीने डोळे उघडले. "आवाज?"

"सध्या विजेवर आहे ती."

"मंग पेट्रोलवर घ्या."

"ते तिच्या मनावर आहे."

भिमाजी बराच वेळ उकिडवा बसून राहिला. इंजिन दोनदा सुरू झालं. दोन्ही वेळा त्याने कान नेला आणि दोन्ही वेळा ते बंद पडलं. शेवटी तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. "पेशंटनं नाडी लपवून ठिवायची अन् आमी सांगायचं काय झालंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. सीमाला ते समजलं. तिचंही गेले दोन दिवस तेच चाललं होतं.

जाताना मात्र त्याने एक कामाचं विचारलं. "पानी कमी होतंय का हिचं? कमी होत आसंल तर येगळा रोग, होत नसंल तर येगळा. चार दिस मोजा. वरून टाकू नका काय."

मोजणं हे सीमाच्या घरातलं काम होतं. तिने पाण्याच्या टाकीवर, पातळी जिथे होती तिथे, काळ्या पेनाने रेघ मारली आणि वही घातली. शनिवार, सकाळी सात: रेघेवर. रविवार, सकाळी सात: रेघेवर. म्हणजे पाणी कमी होत नव्हतं. म्हणजे दोष दुसरीकडे होता. भिमाजीने प्लग बदलले. तिसऱ्या सिलिंडरची कॉईल, म्हणजे ठिणगीला वीज पुरवणारा भाग, पहिल्याला लावली आणि पहिल्याची तिसऱ्याला. कॉईल नासकी असती तर दोष तिच्याबरोबर पहिल्यात गेला असता. तो गेला नाही. तिसऱ्यातच ठाण मांडून राहिला, आणि गाडी रोज सकाळी मिनिटभर घुमत राहिली.

"बॅटरी," वैजनाथ दुकानातून म्हणाला.

दरम्यान सीमाने नगरच्या अधिकृत सेवा केंद्रालाही फोन केला होता. तिथली मुलगी अतिशय गोड बोलत होती. गाडीचा जुना इतिहास दाखवता येईल, ती म्हणाली, फक्त मालकांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा.

अण्णांचा मोबाईल कपाटात, त्यांच्या घडी घातलेल्या शर्टांवर होता. तो शंभर टक्के चार्ज होता. भागिरथीबाई तो रोज सकाळी चार्जिंगला लावत असत. का, ते सीमाने विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायलाही त्या तयार नव्हत्या. ओटीपी त्यांनीच डोळ्यांजवळ धरून वाचला.

"चार, सात, तीन... का आठ हाय?"

"मला बघू दे."

"थांब की. आठच. आठ, झिरो, आठ... का तीन?"

तीन वेळा चुकल्यावर खातं चोवीस तासांसाठी बंद झालं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी भागिरथीबाई आंघोळीला गेल्या असताना सीमाने ओटीपी स्वतः वाचला, आणि हे आपण चोरून करतोय याचं तिला उगीचच वाईट वाटलं. त्या मुलीने विचारलं, भीमराज सरांशी बोलणं होईल का?

"ते वारले. फेब्रुवारीत."

पलीकडे क्षणभर कळफलकाचा आवाज आला. "सॉरी मॅडम. पण मग सरांनी आधी गाडी ट्रान्सफर करून घ्यायला हवी होती."

"त्यांच्या ते लक्षात आलं नसावं," सीमा म्हणाली.

ट्रान्सफरसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आईचं संमतिपत्र आणि गाडी स्वतः आरटीओत हजर करणं इतकंच हवं होतं. गाडी हजर करायची तर ती चालायला हवी, आणि ती चालवण्यासाठी ती सेवा केंद्रात जायला हवी, आणि सेवा केंद्राला ट्रान्सफर हवं होतं. सीमाने हे वर्तुळ वहीत काढून पाहिलं. ते चांगलं गोल आलं. संध्याकाळी अण्णांच्या मोबाईलवर संदेश आला: आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?

आणि त्या सोमवारी सकाळी टाकीतलं पाणी वाढलं होतं.

सीमाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाणी रेघेच्या बोटभर वर होतं. अकराशे चाळीस उत्तरांपैकी एकातही गाडी पाणी तयार करत असल्याचा उल्लेख नव्हता. तिने वैजनाथला बोलावून दाखवलं.

"हायब्रिडला व्हतं तसं," तो म्हणाला आणि कधी नव्हे ते लगबगीने दुकानात गेला.

तिने एका पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात 'पाणी घालू नये' असं लिहिलं, बॉनेटला बांधलं, आणि मंगळवारी पहाटे साडेपाचला खिडकीत खुर्ची टाकून बसली. ग्रंथालयात पानं फाडणाऱ्यांना तिने अशीच बसून पकडलं होतं.

पावणेसहाला भागिरथीबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. पुठ्ठा त्यांना दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी हाताने चाचपून सुतळी सोडली, बॉनेट उचललं, टाकीत बोट घालून पातळी पाहिली आणि बारीक धार धरली. एक थेंब सांडला नाही.

"आई!"

भागिरथीबाई दचकल्या नाहीत. "ते रोज घालायचे," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटायचं मी झोपलीय. आता ते न्हाईत म्हून काय हिनं तान्हेलं ऱ्हायचं?"

 आईला आत नेऊन सीमाने चहा ठेवला, तो उतू जाईपर्यंत खिडकीकडे बघायला तिला सुचलं नाही. सुचलं तेव्हा बॉनेट पुन्हा उघडं होतं आणि लंकाबाई त्याच्यात वाकल्या होत्या.

"मला साहेबांनी सांगितलं हुतं," लंकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "दवाखान्यात जायच्या दिवशी. काकू, म्हनले, तेवढं गाडीला पानी घालत जावा, कुनाला बोलू नका. मी सात म्हैन्यात कुनाला बोलले न्हाई. तू आत्ता बोलाय लावलंस."

नऊच्या सुमाराला वैजनाथ बाटली घेऊन आला. त्याने पुठ्ठा नीट वाचला, मान डोलावली, आणि तो बाजूला सारून टाकीचं झाकण उघडलं.

"वाचता येतं ना तुम्हाला?" सीमाने मागून विचारलं.

वैजनाथच्या हातून बाटली पडली नाही, पण चेहरा उतरला. "ते मला वाटलं दुसऱ्यान्ला लिव्हलंय. कुनी बी येऊन घालू नये म्हून. मला तर साहेब सोता सांगून गेले हुते, ताई. खाजगीत."

अण्णा कोणतीही मोजणी तीनदा करत. एकाच्या मापावर त्यांचा विश्वास नसे. ही त्यांची सवय सीमाला ठाऊक होती; ती इतक्या लांबपर्यंत पोचेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं. सात महिने एका उभ्या गाडीला तीन घरांतून पाणी जात होतं, तिघंही एकमेकांपासून लपवत होते, आणि गाडी बिनतक्रार पीत होती. तहान एवढी जबर होती म्हणून, नाहीतर टाकी केव्हाच ओसंडून वाहिली असती. सोमवारी फक्त तिघांनीही सीमाच्या मोजणीआधीच आपापलं पाणी घालून घेतलं होतं.

"आता हिला कुणीही पाणी पाजायचं नाही," सीमाने तिघांना एकत्र उभं करून सांगितलं. पुस्तक उशिरा आणणाऱ्यांशी ती याच स्वरात बोलत असे.

मंगळवारी दुपारी तिने गाडी घोगरगावपर्यंत नेऊन आणली. बुधवारी सकाळी टाकी कोरडी होती.

भिमाजीने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा खुलला. त्याने मोबाईलला जोडायचा एक बारका कॅमेरा आणला होता, वायरीच्या टोकावर हरभऱ्याएवढा. प्लग काढून त्या भोकातून तो एकेक सिलिंडरमध्ये सोडला. पहिला पिस्टन काजळीने काळा. दुसरा काळा. चौथा काळा. तिसरा लख्ख, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा.

"ह्यो बघा," भिमाजी म्हणाला. "समदे अंगाला राख फासून बसलेत अन् ह्याची रोज आंघोळ. हितं मुरतंय पानी. गरम पान्याच्या वाफंनं धुवून निघालाय. सकाळी ठिनगी पडती ती पान्यात."

इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, आणि इंजिन यांच्यामधली पातळ पट्टी, गॅस्केट, तिसऱ्या नंबरपाशी गेली होती. या अवस्थेत नगरला निघालात तर मध्येच तापून इंजिन जाम होईल, तो म्हणाला. आता खोललं तर संध्याकाळपर्यंत बांधून देतो. गॅस्केट दुपारच्या पार्सलने येतंय.

दुपारी इंजिनाचं हेड वैजनाथच्या खताच्या गोणीवर काढून ठेवलं होतं आणि गॅस्केट आलं होतं. ते याच गाडीचं होतं, फक्त हायब्रिड नसलेल्या. चार भोकांपैकी तीन जुळली. भिमाजीने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, मग कुणाला दिसणार नाही असं पुन्हा उलटं धरलं. दुसरं यायला शनिवार उजाडणार होता.

तोवर गल्ली जमली होती. भिमाजीने हेडच्या पाण्याच्या वाटेवर नख फिरवलं. पांढरा चुरा निघाला. "क्षार. बोअरचं पानी घातलंय हिला. कूलंट पाह्यजे तिथं बोअरचं पानी. दोन-अडीच वर्सं तरी. पट्टी त्यानंच खाल्ली."

 आजार म्हणून पाणी घालावं आणि पाण्यानेच आजार वाढावा, हे सगळ्यांना एकदमच कळलं असावं.

"आमचं पानी तर गोड हाय," वैजनाथ हळूच म्हणाला.

"माझं तर फिल्टरचं हुतं," लंकाबाई म्हणाल्या.

भागिरथीबाई पुढे आल्या. त्यांनी गोणीजवळ बसून त्या हेडवरून हात फिरवला, बोटाला लागलेला चुरा अंगठ्याने चोळला आणि पदराला पुसला. मग सीमाकडे, म्हणजे सीमा जिथे असेल असं वाटलं तिकडे पाहिलं. सीमा जरा डावीकडे होती.

"सकाळची यष्टी किती वाजता हाय?"

"आई, तुला लागेल."

"किती वाजता हाय ते सांग."

गुरुवारी साडेसहाच्या नगर गाडीला बसवायला निम्मी गल्ली आली. लंकाबाईंनी लिंबू दिलं, आवळासुपारी दिली. वैजनाथने पोटावर बांधायला वर्तमानपत्र दिलं. ते काय काम करतं हे त्याला माहीत नव्हतं, पण करतं. सीमाने पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोन टॉवेल आणि पाण्याची बाटली घेतली. आईला खिडकीशी बसवलं, काच उघडली, आणि दर दोन मिनिटांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मधल्या वेळात फोनवर, गाडी लागल्यावर काय करावं ते वाचू लागली. या विषयावर नऊशे सहा उत्तरं होती.

रस्त्याचं काम चालू होतं. बस एका बाजूच्या खड्ड्यातून दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात जात होती. डिझेलचा वास होता, मागच्या सीटवर कुणाची तरी कांद्याची गोणी होती. रुईछत्तीशीच्या अलीकडे पिशवी उघडावी लागली.

ती सीमाला लागली.

दुसरीही तिलाच लागली. कंडक्टर डोक्यावर उभा राहून म्हणाला, "ओ मावशी, पोरीला खिडकीला बसवा की. तुमी काय सीनरी बघताय?"

भागिरथीबाईंनी जागा बदलली. लेकीचं डोकं एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने लिंबू तिच्या नाकाशी नेलं. त्या ताठ बसल्या होत्या. बस उडाली की त्याही तेवढ्याच उडायच्या आणि तशाच खाली बसायच्या. त्यांना काही होत नव्हतं.

टाकळीपाशी सीमाला बोलता आलं. "तुला कसं नाही लागलं?"

"मला आता लागत न्हाई."

"केव्हापासून?"

भागिरथीबाईंनी हिशेब केला. "ह्यांनी गाडी घेतली, त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्सापासून. मळमळायचंच बंद झालं."

"म्हणजे नऊ-दहा वर्षं? आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगून?" भागिरथीबाईंनी टॉवेलचं कोरडं टोक शोधून तिचं तोंड पुसलं. "सांगितलं असतं तर मला एकटीलाच यष्टीत बसवून दिलं असतं त्यांनी. गाडी लागती म्हून तर संगट यायचे सगळीकडं."

सीमाने खिडकीबाहेर पाहिलं. तिच्याकडे या गोष्टीवर वाचलेलं काहीही नव्हतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि आई हाताला धरून तिला पायऱ्या मोजून सांगत होती. नर्सने दोघींकडे पाहिलं, सरळ सीमाला खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोळ्यात थेंब घालण्यासाठी बाटलीचं टोपण उघडलं.

"अहो बाई, डोळा माझा," भागिरथीबाई म्हणाल्या. "ती सोबत आलीय. तिला पडू द्या वाईच. उद्या जाताना मीच नेते तिला."